वाढणारे मागून जेवतात

जाहीर निवेदन. समस्त वाचकवर्गास, विशेषतः ज्यांनी एका हातात चकली धरून दुसऱ्या हाताने हा अंक उघडला आहे त्यांस, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, प्रस्तुत लेखिकेने सात आठवडे अथक परिश्रम करून झाशी शहरातल्या एका पाच वर्षांच्या मुलाला एक चमचा मुगाची खिचडी खाऊ घातली. चमचा चहाचा होता. याबद्दल कोणाची हरकत असल्यास ती पंधरा दिवसांच्या आत लेखी कळवावी. सोबत फराळाचा डबा जोडल्यास तिचा विचार होईल.

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे फारशी सोय केलेली नाही.

मी डॉक्टर नाही. मुलांच्या रुग्णालयात आहारतज्ज्ञ होते, अजूनही आठवड्यातून दोन दिवस जाते. वॉर्डातल्या आया मला ‘खाने वाली मैडम’ म्हणतात. नव्या रुग्णाचे नातेवाईक हे ऐकून आधी मला नखशिखान्त न्याहाळतात, आणि मग त्यांना पटतं. आमचं घर लक्ष्मी गेटच्या आत, कित्येक पिढ्या इथल्याच. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि भांडायची वेळ आली की बुंदेली, कारण त्या कामाला तिच्यासारखी भाषा नाही.

माझं बरंचसं काम साधं असायचं. जुलाब, अशक्तपणा, मधुमेही मुलांची ताटं. पण अधूनमधून असं मूल यायचं, की घरात खायला सगळं आहे आणि ते तोंड उघडत नाही. लोकांना वाटतं, लाड झालेत. तसं नसतं. काही लहान मुलांना अन्नाचीच भीती वाटते. त्याच्या वासाची, जिभेला होणाऱ्या स्पर्शाची, ते घशात अडकेल याची. ती दोन-तीन पदार्थांवर दिवस काढतात आणि त्यांची वाढ खुंटते. दुसरी तऱ्हा थोड्या मोठ्या मुलांची. बहुतेक मुली, पण मुलगेही मी पाहिलेत. त्यांच्या डोक्यात एक आजार घर करून बसतो आणि खाणं हा गुन्हा आहे असं त्यांना दिवसभर बजावत राहतो. त्यांना भूक लागत नाही असं नाही. ती दाबण्यातच त्यांचं सगळं बळ खर्च होतं. नाडी मंदावते, अंग गार पडतं, केस गळतात, हाडं विरतात. यात मुलं दगावतात. मी ते पाहिलं आहे आणि त्याबद्दल इथे लिहिणार नाही.

खिचडीचा मानकरी पहिल्या तऱ्हेचा. त्याला गोलू म्हणू. मानिक चौकात आजोबांचा धान्याचा ठोक व्यापार, दुकानात तांदळाची पोती छतापर्यंत, आणि नातू फक्त एका प्रकारच्या बिस्किटांवर आणि दुधावर जगत होता. आजोबा माझ्यासमोर खुर्चीवर ऐसपैस बसले आणि म्हणाले, “मैडम, दो झापड़ में सब खाएगा.”

मी म्हटलं, “दादाजी, झापड़ तो आप दो साल से दे रहे हैं. इसका वजन बढ़ा?”

आजोबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. तेवढ्यावरच मी जिंकले असं समजून मी नाटकाला हात घातला. नाटकाचं मला शाळेपासून वेड. मी गोलूला सांगितलं की खिचडी नावाची एक फार लाजाळू राणी आहे, ती फक्त लांबून दर्शन देते. पहिला आठवडा वाटी टेबलाच्या पलीकडच्या टोकाला. मग थोडी जवळ. मग त्याने तिला चमच्याने टोचायचं, मग वास घ्यायचा, मग ओठाला लावून पुसून टाकायची. जबरदस्ती एकदाही नाही. सोबत आणलेली माझी डफली मात्र रोज वाजायची. सातव्या आठवड्यात त्याने चमचा तोंडात घातला, गिळला आणि आजोबांना म्हणाला, “रानी गई पेट में.” आजोबा दुकानात जाऊन रडले असं मला नंतर कळलं. मी वॉर्डातच रडले, भरपूर प्रेक्षकांसमोर.

अशा दहा-बारा खिचड्या यशस्वी झाल्यावर माणसाला वाटू लागतं की आपल्याला सगळं येतं.

आता चित्राबद्दल. नाव बदललं आहे, बाकी काही बदललेलं नाही.

आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत एका दुपारी महाप्रसाद असतो. झाशीतले झाडून सगळे मराठी येतात. आमच्यासारखे जुने, रेल्वेत बदलीवर आलेले, आणि मराठी कळतं पण बोलायची वेळ आली की ‘मी अभी आली’ म्हणतात ते तरुण. त्या वर्षी वाढणाऱ्यांत चित्रा होती. वय चौदा. वडील रेल्वेत इंजिनियर, भुसावळकडून बदली होऊन आलेले. आई घरी गणिताच्या शिकवण्या घ्यायची. या मुलीने तीनशे माणसांना वाढलं. नुसतं वाढलं नाही, आग्रह केला. “काका, एक पुरी. एकच. नाही म्हटलंत तर मी इथेच उभी राहीन.” श्रीखंडाचं पातेलं कमरेवर घेऊन ती अशी काही फिरत होती की मधुमेहाच्या काकांनीही वाटी पुढे केली. बायका एकमेकींना म्हणत होत्या, साक्षात अन्नपूर्णा.

कोणीतरी विचारलं, “तू कधी जेवणार गं?”

“मी शेवटच्या पंगतीला, काकू.”

शेवटच्या पंगतीला विचारलं तेव्हा म्हणाली, “माझं मघाशीच झालं, वाढता वाढता.”

आपल्यात हे उत्तर कोणी तपासत नाही. वाढणारे मागून जेवतात हे आपल्याला इतकं पक्कं ठाऊक असतं, की ते खरंच जेवले का, हे बघायला मागे कोणी थांबत नाही. स्वतः जेमतेम खाणारं आणि दुसऱ्याला पोट फुटेस्तोवर खिलवणारं मूल हे या आजाराचं पुस्तकातलं लक्षण आहे. ते मी परिचारिकांना शिकवायचे. आणि त्या दुपारी मी दुसऱ्यांदा श्रीखंड घेतलं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. संध्याकाळी बक्षीस समारंभ होता आणि सूत्रसंचालन अर्थातच माझ्याकडे. मी ऐन वेळी एक नवं बक्षीस जाहीर केलं, ‘मंडळाची अन्नपूर्णा’. स्टीलचा डबा, रिबीन बांधून. चित्रा मंचावर आली. भाद्रपदातल्या त्या उकाड्यात तिने लांब बाह्यांचा स्वेटर घातला होता. मी डबा देताना तिचा हात हातात घेतला, तर बर्फ. मी माइकवर म्हणाले, “अगं, हात किती गार. कुल्फीवाल्याकडे नोकरी धरलीस की काय?” सभागृह हसलं. तीही हसली. मी पुढच्या विजेत्याचं नाव पुकारलं.

तो हात माझ्या हातात होता. तज्ज्ञ म्हणून मला पगार मिळत होता तो हात ओळखण्याचा, आणि मी त्यावर विनोद केला.

थंडीत तिला वडिलांनी उचलून रुग्णालयात आणलं. प्रार्थनेच्या वेळी शाळेत चक्कर येऊन पडली होती. नाडी मिनिटाला चाळीसच्या आसपास. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी तिला तपासलं, आईवडिलांना समोर बसवलं आणि सरळ सांगितलं, की हिचं हृदय थकलं आहे, ही मुलगी यातून वाचेलच असं मी आज म्हणणार नाही.

आईने मला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. चित्राने आधी संकष्टी धरली, मग एकादशी, मग गुरुवार. “आम्हाला कौतुकच वाटायचं, ताई. आजकालच्या मुली कुठे करतात एवढं. तुम्हीसुद्धा तिला बक्षीस दिलंत.” बोलण्यात आरोप नव्हता. त्या फक्त घडलेलं सांगत होत्या. आरोप असता तर मला काहीतरी उत्तर सुचलं असतं.

अशा रुग्णाला पहिल्या दिवशी पोटभर जेवू घालायचं नसतं, हे कोणालाच खरं वाटत नाही. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम अन्न गेलं, तर रक्तातले क्षार ढासळतात आणि जेवणानेच माणूस जाऊ शकतो. म्हणून थोडं थोडं, रोज रक्त तपासत. आणि आमचं मंडळ? डिंकाचे लाडू, शिरा, साजूक तुपातला बदामाचा हलवा घेऊन दारात हजर. रामकली सिस्टर नावाची आमची एक जुनी परिचारिका होती, चिरगावकडची, आवाज असा की सलाइनची बाटली हलावी. ती दारात आडवी उभी राहिली. “परसाद हमें दै जाओ, हम खा लैहें. बिन्नू खों नईं मिलहै.” बिन्नू म्हणजे मुलगी. दोन आठवडे रामकलीने मंडळाचा सगळा प्रेमभाव एकटीने पचवला.

मी माझी डफली घेऊन गेले. चौदा वर्षांच्या त्या हुशार मुलीसमोर मी दलियाचा स्वयंवर सोहळा सादर केला. ती माझ्याकडे फार सहानुभूतीने बघत होती. संपल्यावर म्हणाली, “मावशी, तुम्ही थकलात का?”

तरी हळूहळू आमचं जमत गेलं. मी ताटात काय आहे ते खरं खरं सांगायचं आणि तिने अर्ध्या तासात ते संपवायचं, हा करार. ती रडत खायची, थरथरत खायची, पण खायची. वजन मात्र हलत नव्हतं आणि डॉक्टर रोज मला विचारत होते. तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन आचाऱ्याला सांगितलं, हिच्या डाळीत वरून दोन चमचे तूप घाल आणि कोणाला बोलू नकोस.

चित्राने पहिल्याच दिवशी विचारलं, “मावशी, यात जास्तीचं काही आहे?”

मी छातीवर हात ठेवला. मला ते छान जमतं. “गणपतीची शपथ, काही नाही.”

तीन दिवस नाटक चाललं. चौथ्या दिवशी तिला खायला वेळ लागला आणि झाशीची थंडी माझ्यावर उलटली. डाळ निवली तशी वाटीच्या कडेने तुपाची पांढरी कड धरली. चित्राने वाटी उचलून माझ्याकडे वळवली.

“मावशी, ये क्या है?”

मी विदूषकासारखी काहीतरी पुटपुटले. तिने वाटी खाली ठेवली आणि तोंड मिटलं. दोन दिवस पाणीही घेतलं नाही. शेवटी नाकातून नळी घालावी लागली. ती घालताना तिचे हात रामकलीने धरले होते. मी पडद्याच्या बाहेर उभी होते, कारण मला बघून ती जास्त झटापट करत होती. तिच्या डोक्यातला आजार तिला रोज सांगायचा, की ही सगळी माणसं तुला फसवतायत. त्याला साक्षीदार हवा होता. तो मी दिला, तोही शपथेवर.

त्या दिवशी व्हरांड्यात आई समोर आली. “ताई, मी अजून काय करू? सांगाल ते करते.”

मला तिच्या नजरेला नजर द्यायची नव्हती. मी म्हणाले, “आता देवावर सोडा,” आणि चहाला निघून गेले.

नळीने जीव वाचवला. महिनाभरात नाडी सुधारली, वजन धोक्याच्या रेषेच्या वर आलं आणि डॉक्टरांनी तिला घरी पाठवायचं ठरवलं. माझ्या हातचं ती काही घेणार नव्हती, हे आता वॉर्डातल्या भिंतींनाही माहीत होतं. म्हणून पुढचा भार आईवडिलांवर. ही पद्धत ऐकायला सोपी आहे. मुलाशी वाद घालायचा नाही, लाच द्यायची नाही, धमकी नाही. ताट औषधासारखं समोर ठेवायचं आणि आईवडिलांनी सोबत बसून तेच जेवायचं. आठवड्यातून एकदा या तिघांनी घरचा डबा घेऊन माझ्या खोलीत यायचं आणि माझ्यासमोर जेवायचं. मी फक्त बघायचं, नंतर काय चुकलं ते सांगायचं. माझा मोकळा वार होता सोमवार. मीच तो दिला.

असे सहा सोमवार झाले. आई डबा उघडायची, वाढायची, चित्राशेजारी बसून शांतपणे म्हणायची, “पुढचा घास, बाळा.” फार धीराची बाई. वडील मान खाली घालून जेवायचे. ते गृहस्थ रेल्वेच्या सूचनाफलकापेक्षाही कमी बोलत. मी वहीत लिहायचे. वडिलांनी थोडं बोलावं. चित्राने पोळी लहान तुकडे करून खाल्ली. आईचं उत्तम. पण वजन, जे पहिले दोन आठवडे वाढलं, ते थांबलं, आणि मग उतरू लागलं. डॉक्टर म्हणाले, पुढच्या आठवड्यात अजून उतरलं तर पुन्हा भरती, पुन्हा नळी, आणि तिचं हृदय या वेळी किती साथ देईल सांगता येत नाही.

सहाव्या सोमवारी ते लोक गेल्यावर रामकली खोलीत ताटं उचलायला आली. दोन ताटं उचलली आणि तिसऱ्या, कोऱ्या ताटापाशी थांबली.

“मैडम जी, बिन्नू की मताई तौ कछू खातई नइयाँ.”

“अगं, ती मागून जेवते. हमारे यहाँ माँ बाद में खाती है.”

“छै हप्ता सें बाद में?”

मी वही उघडली. सहा पानं. चित्राने किती खाल्लं, वडिलांनी किती खाल्लं, सगळं लिहिलेलं. आईच्या ताटाबद्दल एक अक्षर नव्हतं. माझ्या आईला मी कधी आमच्याबरोबर जेवताना पाहिलं नव्हतं, म्हणून मला हेही दिसलं नाही. चिरगावच्या बाईला दिसलं.

मी त्याच संध्याकाळी त्यांच्या क्वार्टरवर गेले. आई देवापुढे निरांजन लावत होती. मी विचारलं तेव्हा त्यांनी लपवलं नाही.

“सोळा सोमवार धरलेत, ताई. दिवसभर काही घेत नाही, संध्याकाळी पूजा झाली की. आज दहावा.”

“कधीपासून?”

“तुम्ही नाही का म्हणालात, देवावर सोडा. त्याच आठवड्यापासून.”

मी पाटावर बसले. मला पाणी हवं होतं, मागायची लाज वाटली.

“चित्राला माहीत आहे?”

“हो. तिला फार कौतुक आहे. म्हणते, आई, तुझ्यात किती ताकद आहे.” हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. त्यांनी स्वतःचं वाक्य स्वतःच ऐकलं असावं.

मी म्हणाले, “या घरातलं सगळ्यात चांगलं माणूस तिच्यासमोर उपाशी बसतं, आणि आपण तिला सांगतोय की खाणं चांगलं. ती कोणाचं ऐकेल?”

“मी मोडलं आणि तिला काही झालं तर? ते तुम्ही घ्याल अंगावर?”

आधीची मी असते तर छातीवर हात ठेवला असता. या वेळी म्हणाले, “नाही घेऊ शकत. माझ्या अंगावर आधीचंच पुष्कळ आहे. तूप मी घातलं, शपथ मी खोटी घेतली, देवावर सोडा हेही मी काही विचार न करता म्हणाले. मी तुम्हाला मोडा म्हणत नाही. मला जे दिसलं ते सांगितलं, आणि तेही मला दुसऱ्याने दाखवलं.”

मी निघाले तेव्हा चित्रा आतल्या दारात उभी होती. किती ऐकलं होतं, कोण जाणे.

आता पुढे काय झालं ते आधी सांगून टाकते. चित्रा जगली. पूर्ण बरी व्हायला तिला जवळजवळ तीन वर्षं लागली, मध्ये दोनदा घसरली, दहावीचं एक वर्ष गेलं. उंची जी थांबली ती थांबली. हाडं वयाच्या मानाने ठिसूळ राहिली. कॉलेजात साध्या पडण्याने मनगट मोडलं. आज ती दुसऱ्या शहरात नोकरी करते, स्वतः रांधून खाते असं तिची आई सांगते. भेटली तर नमस्कार करते, तब्येत विचारते आणि निघते. आमचं बोलणं त्यापलीकडे कधी गेलं नाही आणि मी ते ओढून नेलंही नाही. त्या गणपतीच्या दुपारी मी तिच्यासोबत शेवटच्या पंगतीला बसले असते, तर तिचे चार-पाच महिने वाचले असते. हाडांना चार-पाच महिने म्हणजे खूप. मंडळाचं सूत्रसंचालन मी त्यानंतर सोडलं. महाप्रसादाला जाते, वाढणाऱ्या मुलींना आधी बसवते, आणि त्यांच्यासमोर खुर्ची टाकून बसते. मंडळात मला खडूस म्हणतात.

तर तो अकरावा सोमवार.

ती तिघं आली. वडिलांनी सुट्टी टाकली होती. आईने डबा उघडला. वरण, भात, बटाट्याची भाजी, पोळ्या, ताकाची बाटली. तीन ताटं मांडली आणि तिन्ही ताटांत सारखं वाढलं. मग तिसऱ्या ताटासमोर स्वतः बसली.

चित्राने आईकडे बघितलं. “आई, आज सोमवार आहे.”

“माहीत आहे मला.”

“अजून सोळा नाही झाले.”

“नाही झाले.”

“मग? मोडलं तर?” तिचा आवाज चिरका झाला होता. “माझ्यामुळे मोडू नकोस. प्लीज आई. मी खाते, तू नको मोडू.”

आईने भातावर वरण कालवलं. “सकाळी महादेवाला सांगून आले. शिक्षा करायची तर मला कर म्हटलं, हिचं नाव यात नाही. आमचं ठरलंय. तू मध्ये पडू नकोस.” आणि त्यांनी घास घेतला.

आठवडाभर मी या क्षणासाठी कितीतरी वाक्यं जुळवून ठेवली होती. एकही बोलले नाही. टेबलाखाली दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते, टाळ्या वाजतील या भीतीने.

आईने घास चावला, थोडी थबकली, चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं, पण गिळला आणि दुसरा कालवला. वडील नेहमीप्रमाणे मान खाली घालून जेवत होते. त्यांची वाटी निम्मी झाली होती. चित्रा आईच्या हाताकडे बघत होती. ताट, तोंड, ताट. पाच मिनिटं तरी गेली असतील. मग तिने स्वतःच्या भाताला हात लावला. तोवर कित्येक महिने आम्ही तिच्या तोंडून अन्नाबद्दल ऐकलं होतं ते फक्त किती, अजून किती, आणि यात काय घातलंय. कसं लागतं हे तिने एकदाही सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही विचारायचं सोडून दिलं होतं.

तिने घास तोंडात घातला. चावला. कपाळाला आठी पडली. मला वाटलं झालं, आता ती ताट सारणार. तिने आईकडे बघितलं, मग वडिलांच्या अर्ध्या संपलेल्या वाटीकडे, आणि एकदम म्हणाली,

“आई, वरणात मीठच नाहीये. और बाबा, आप चुपचाप खाए जा रहे हो?”